वकील न लावता परस्पर संमतीने घटस्फोट: कागद, कोर्ट आणि अटी

निशिगंध

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर वकील लावलाच पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तर कौटुंबिक न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाने परवानगी दिली तरच वकील उभा राहतो. नवरा-बायकोने स्वतः न्यायाधीशांसमोर येऊन बोलावं याच हेतूने हे कोर्ट वेगळं काढलं. प्रत्यक्षात मात्र कोर्टाच्या फाटकात पाय ठेवायच्या आधीच कोणीतरी काका-मामा 'ओळखीचे वकील' गाठून देतात आणि हे स्वतःलाही करता येतं ही गोष्ट कानावरच येत नाही.

आम्ही दोघांनी पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात स्वतःच अर्ज केला आणि स्वतःच शेवटपर्यंत नेला. त्यानंतर बऱ्याच जणींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून हा धागा. मी वकील नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न, महाराष्ट्रातलं कोर्ट आणि दोघांचीही मनापासून तयारी, एवढ्याच प्रकरणांबद्दल लिहिते आहे. एक जण जरी का-कू करत असेल, मारहाण झालेली असेल, किंवा समोरचा पैसा दडवतोय असा संशय असेल तर कृपया हा रस्ता धरू नका.

अटी अशा. लग्नाला किमान एक वर्ष झालेलं हवं. अर्जाआधी एक वर्ष किंवा जास्त काळ तुम्ही वेगळे राहत असायला हवं. एका छपराखाली राहूनही नवरा-बायकोचा संसार उरलेला नसेल तर तेही वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेश्ता देवी प्रकरणात सांगितलं आहे. दुसरं घर परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांचा मिळून एकच अर्ज होतो. दोघंही अर्जदार, विरुद्ध बाजू कोणीच नाही. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात याला 'एफ पिटिशन' म्हणतात आणि वादातल्या घटस्फोटाला 'ए पिटिशन'. खिडकीवर हा शब्द वापरलात की बोलणं सोपं जातं.

कुठे करायचा? लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिलात तिथे, किंवा बायको सध्या राहते तिथे. ज्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे.

कागद फार नाहीत. लग्नाचं प्रमाणपत्र (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), दोघांच्या पत्त्याचे पुरावे, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, मूल असेल तर जन्माचा दाखला. अर्जासोबत दोघांची प्रतिज्ञापत्रं. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टँप पेपर लागत नाही, बाहेरचे टायपिस्ट सवयीने मागतील तरी साध्या हिरव्या कागदावर चालतं. बायकांना घटस्फोटाच्या प्रकरणात १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. आमचा मराठीतच होता आणि त्याचा मोठा फायदा असा झाला की आपण कशावर सही करतोय ते दोघांनाही नीट कळत होतं.

खरं काम आहे ते अटींचं, म्हणजे कन्सेंट टर्म्सचं. कोर्टाचं बाकी सगळं ठरलेल्या वाटेने जातं. अटी मात्र तुम्ही लिहाल तशाच आयुष्यभर तुमच्याजवळ राहतात. 'अर्जदार क्र. १ हे अर्जदार क्र. २ यांना योग्य ती पोटगी देतील' असलं वाक्य कुठल्यातरी नमुन्यातून उचलू नका. योग्य म्हणजे किती, कधी, कुठून? आम्ही लिहिलं ते असं: एकरकमी इतके रुपये (आकड्यात आणि अक्षरात), त्यातले निम्मे अर्ज दाखल होताना खात्यावर, त्या व्यवहाराचा क्रमांक पुढे नमूद, उरलेले शेवटच्या तारखेला कोर्टासमोर अमुक बँकेच्या डिमांड ड्राफ्टने. रक्कम मिळाल्यावर दोघांनी एकमेकांवर कसलाही आर्थिक दावा ठेवायचा नाही. एवढं स्पष्ट असलं की न्यायाधीशांनाही विचारायला काही उरत नाही.

स्त्रीधनाची यादी वेगळी करा. आम्ही रेघांच्या वहीच्या कागदावर बसून केली. कोणी कोणाला काय घातलं, किती तोळे, सध्या कोणाच्या लॉकरमध्ये. माझ्या आजीच्या पाटल्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये होत्या, त्या 'पाटल्या, २ नग, वजन अमुक ग्रॅम, अर्जदार क्र. २ यांना अमुक तारखेस परत केल्या, पोच मिळाली' अशा ओळीने यादीत आल्या. रुखवतातली भांडी, मिक्सर, कपाट यांचंही एका ओळीत लिहा: 'परस्परांस पोहोचले, तक्रार नाही.' भांड्यांवरून भांडण होणार नाही असं सगळ्यांनाच वाटतं, पण माझ्या माहितीत दोन संसार कुकरच्या संचापाशी येऊन अडकलेले आहेत.

अर्ज आणि अटी प्रबंधक कार्यालयात तपासून घेतात. त्रुटी निघाल्या तर पेन्सिलने खुणा करून परत देतात, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. मग नंबर पडतो. तुमचा १६ अक्षरी सीएनआर नंबर जपून ठेवा, ई-कोर्ट्सच्या अॅपवर त्यावरून पुढची तारीख कळते. त्यानंतर विवाह समुपदेशकांकडे पाठवतात. समेट शक्य आहे का हे पाहणं कायद्याने कोर्टाला बांधूनच दिलं आहे, त्यामुळे या पायरीवर चिडू नका. आमच्या समुपदेशक बाईंनी आधी दोघांना वेगवेगळं बसवलं, मग एकत्र. मला एकटीला विचारलं, "ही रक्कम तुम्ही स्वतः ठरवलीत, की घरच्यांनी सांगितलं म्हणून मान्य केलीत?" वकील सोबत असता तर हा प्रश्न इतक्या थेट माझ्यापर्यंत पोहोचला असता असं मला वाटत नाही.

मग कायद्याने ठरवलेला सहा महिने थांबण्याचा काळ. शेवटच्या टप्प्याला दोघांनी पुराव्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो, दोघं समोर उभे राहता, न्यायाधीश विचारतात: सह्या तुमच्याच का, दबाव आहे का, अटी वाचल्या का, पैसे मिळाले का. उत्तरं छोटी द्या. निकाल झाल्यावर लगेच नकलेचा अर्ज करून सही-शिक्क्याच्या दोन-तीन प्रती घ्या, पासपोर्ट, बँक, गॅस, रेशनकार्ड सगळीकडे त्या लागतात.

विचारा, जमेल तसं उत्तर देते.

वाटसरू

फार उपयोगी धागा. वाचनखूण साठवली. एक शंका: ते सहा महिने सुप्रीम कोर्टाने रद्द केले ना?

निशिगंध

रद्द नाही केले. १२ सप्टेंबर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने एवढंच झालं की तो काळ बंधनकारक नसून कोर्ट योग्य वाटल्यास माफ करू शकतं. त्यासाठी एक वर्ष अधिक सहा महिने, असे दीड वर्ष अर्जाआधीच वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असावं आणि थांबण्यातून नुसता मनस्तापच वाढणार असावा. पहिल्या टप्प्यानंतर आठवड्याने कारणं देऊन माफीचा अर्ज करता येतो. १ मे २०२३ चा शिल्पा शैलेश निकाल वेगळा आहे. घटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालय स्वतः लग्न संपवू शकतं, एवढं त्यात आहे. तो अधिकार तुमच्या-माझ्या कौटुंबिक न्यायालयाला नाही.

डोंबिवलीकर

ताई, आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांच्या नावावर. ती म्हणते फ्लॅट तू ठेव, माझे भरलेले पैसे दे. अटींमध्ये 'फ्लॅट पतीचा राहील' असं लिहिलं की झालं का? आम्ही दोघंही भांडत नाही आहोत, फक्त तिला कर्जातून मोकळं करायचं आहे.

काळाकोट

मी नगरला वकिली करतो, म्हणून हे उत्तर मी देतो. फ्लॅटचं वर्णन (इमारत, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ, दस्ताचा क्रमांक) अर्जाच्या परिशिष्टातच घाला. नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार, ज्या मिळकतीचा अर्जात विषयच नव्हता तिच्याबद्दल तडजोडीत लिहिलं तर तो हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) वेगळा नोंदवावा लागतो.

दुसरं, कोर्टाचा हुकूमनामा बँकेला बांधत नाही. तुमच्या दोघांच्या सह्या कर्जाच्या कागदावर आहेत तोवर बँकेच्या लेखी दोघंही कर्जदार. हप्ता तुमच्याकडून थकला तर तिचाही सिबिल स्कोअर खाली जाणार. त्यामुळे अर्जाच्या आधी बँकेत जाऊन तिचं नाव कमी करायला एकट्याच्या पगारावर बँक तयार आहे का ते लेखी विचारा. नसेल तर कर्ज दुसरीकडे वळवा, नाहीतर फ्लॅट विकून वाटा घ्या.

तिसरं मुद्रांकाचं. महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपये मुद्रांकावर होतं, वर स्थानिक अधिभार लागू शकतो. पण हे पती-पत्नी असेपर्यंतच. हुकूमनामा झाला की तुम्ही त्रयस्थ, मग नेहमीचं शुल्क.

डोंबिवलीकर

म्हणजे आधी बक्षीसपत्र आणि मग घटस्फोट? तिने नाव काढून दिलं आणि मी उद्या फिरलो तर? ती हेच विचारणार.

काळाकोट

बरोबर विचारणार, आणि तिने विचारायलाच हवं. नोंदवलेलं बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही आणि १३-ब च्या अर्जातली संमती मात्र शेवटच्या दिवसापर्यंत मागे घेता येते. सुरेश्ता देवीमध्ये तेच ठरलं. नुसतं गैरहजर राहिला म्हणून संमती आहे असंही धरता येत नाही, २००९ च्या स्मृती पहारिया निकालात ते स्पष्ट आहे. म्हणून दस्त शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवसांत, बँकेचं ना-हरकत हातात घेऊन, आणि तिच्या पैशांचा डीडी तयार असताना करा.

आता एक सांगतो, निशिगंधताईंना राग येणार नाही अशी आशा. अर्ज स्वतः करा, हरकत नाही. पण फ्लॅट, कर्ज, मूल यांपैकी एकही गोष्ट असेल तर अटींचा मसुदा एकदा वकिलाला पैसे देऊन वाचायला द्या. वकालतनामा नको, उभं राहणं नको, फक्त वाचन. त्याची फी पूर्ण खटल्याच्या फीच्या जवळपासही नसते.

निशिगंध

राग कशाला? पूर्ण सहमत. फक्त दोघांनी मिळून एकाच वकिलाकडे जाऊ नये असं मी म्हणेन. तुमचा मसुदा तुम्ही वाचून घ्या, तिचा तिने. एक वकील दोघांचं हित एकाच वेळी पाहू शकत नाही.

माहेरवाशीण

मी जळगाव भागातली. आमच्याकडे पंचांसमोर बसून शंभराच्या स्टँप पेपरवर काडीमोड लिहून दिली, नोटरीचा शिक्का आहे. तीन साक्षीदार आहेत. नवऱ्याने दुसरं लग्नही केलं. मला आता स्थळ आलं आहे, ते लोक 'कोर्टाचा कागद आहे का' विचारतात. माझा कागद चालत नाही का?

निशिगंध

ताई, तुमची काळजी समजते आहे. स्पष्टच सांगते, म्हणजे पुढे त्रास होणार नाही. नोटरी घटस्फोट देऊ शकत नाही. सही करणारी माणसं तीच आहेत, एवढंच तो शिक्का सांगतो. कोर्टाच्या हुकुमाशिवाय लग्न सुटत नाही. एक अपवाद कायद्यात आहे, काळाकोट सांगतीलच.

काळाकोट

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारी फारकत राखून ठेवली आहे. पण ती रूढी तुमच्या जातीत जुनी, सातत्याने चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. कागदावर 'आमच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे' असं लिहिल्याने ते सिद्ध होत नाही. तुम्ही आत्ता लग्न करू नका. आधी मोकळ्या व्हा. आणि हे तुम्ही एकटीने करायचं प्रकरण नाही, कारण नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं आहे, त्याला संमतीच्या अर्जात यायला भीती वाटेल. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जायच्या आधी १५१०० वर फोन करून बोलता येतं. तो काडीमोडीचा कागद फेकू नका, बरोबर न्या. तुम्ही कधीपासून वेगळ्या आहात याचा तो पुरावा आहे.

माहेरवाशीण

उत्पन्नाचा दाखला मागतील म्हणून मी गेलेच नव्हते. सोमवारी भावाला घेऊन जाते.

शाळामास्तर

आमचं सगळं ठरलं आहे, फक्त मुलगी (इयत्ता चौथी) आईकडे राहणार आणि मी भेटणार, यावर 'मुलीला भेटण्याची मुभा राहील' एवढंच लिहिलं आहे. आमच्यात आज तरी कटुता नाही. पुरेल का?

निशिगंध

आज पुरेल. दोन वर्षांनी कोणा एकाचं दुसरं लग्न झालं, बदली झाली की हेच वाक्य अपुरं पडतं. कॅलेंडर समोर घेऊन बसा. महिन्यातले कोणते शनिवार-रविवार, किती वाजता कोणी आणायचं-सोडायचं. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, की आलटून-पालटून वर्षं. गणपती कोणाकडे, मे महिन्यातले किती दिवस तुमच्या गावी. मुलीच्या वाढदिवसाला दोघं एकत्र असणार का. मधल्या वारी व्हिडिओ कॉल किती वाजता. शाळेच्या पालकसभेला दोघांनाही जाता येईल आणि निकालपत्राची प्रत दोघांनाही मिळेल हे लिहा. पासपोर्ट आणि परदेशगमनाला दुसऱ्याची लेखी संमती लागेल का, तेही. ट्यूशन, दात, चष्मा, सहलीची फी, पुढे कॉलेज, यांचा वाटा कसा.

आणि सर, पैशाबद्दल: मुलीचा खर्च हा तिचा हक्क आहे. 'आई मुलीसाठी कधीही काही मागणार नाही' असं आईने लिहून दिलं तरी त्याने मुलीचा हक्क जात नाही. रक्कम ठरवताना दरवर्षी इतके टक्के वाढ हे आत्ताच घाला. इयत्ता चौथीचा खर्च आणि अकरावीचा खर्च यांत किती फरक असतो हे तुमच्याइतकं कोण ओळखणार.

शाळामास्तर

पालकसभेचा मुद्दा सुचलाच नव्हता. तिलाही हा धागा पाठवला आहे. आज संध्याकाळी दोघं बसून पुन्हा लिहितो. मुलीला विचारायचं का, की कोणते दिवस कोणाकडे?

काळाकोट

वेळापत्रक विचारा, निवड विचारू नका. 'शनिवारी सकाळी बाबा न्यायला आले तर तुझा नाचाचा क्लास बुडतो का?' हे विचारणं ठीक. 'कोणाकडे राहायचंय?' हे चौथीतल्या मुलीवर टाकू नका. आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा, भेटी, खर्चाचे आदेश पुढे बदलून मागता येतात, त्यामुळे आज सगळं कायमचं ठरतंय अशा दडपणाखाली लिहू नका.

आक्का

माझ्या लेकीने ४९८ ची, म्हणजे सासरच्या छळाची, तक्रार केली होती, घरगुती हिंसाचाराचीही केस आहे. आता दोन्ही घरं कंटाळली आहेत, संमतीने सोडायचं ठरतंय. जावयाकडचे म्हणतात वकील कशाला, तुम्ही 'सर्व केसेस मागे घेऊ' असं लिहून द्या, मग पैसे देतो. मुलीचे वडील नाहीत, मीच बघते आहे. काय करू?

काळाकोट

आक्का, सही करू नका. आधी हे वाचा.

४९८-अ (नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५) तक्रारदार बाईला आपण होऊन मागे घेता येत नाही आणि कौटुंबिक न्यायालय ती संपवू शकत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात अर्ज करून ती रद्द करून घ्यावी लागते. हिंसाचाराचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे वेगळा मागे घ्यायचा. म्हणजे तीन कोर्टं, तीन कागद. अटींमध्ये प्रत्येक केसचा नंबर, कोर्ट, आणि 'कोणती केस कोणत्या टप्प्यावर' हे लिहिलेलं हवं. पैशांचे हप्ते त्या टप्प्यांना बांधा: काही रक्कम संमतीच्या अर्जाच्या दिवशी, काही हिंसाचाराचा अर्ज मागे घेताना, उरलेली शेवटच्या तारखेला हुकूमनाम्याच्या वेळी डीडीने. सगळं आधी लिहून द्यायचं आणि पैसे नंतर घ्यायचे, असं कधीही करू नका. धनादेश तर नकोच.

तुमच्या लेकीलाही विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो. जावयाकडचे वकील नको म्हणतात यातच तुम्हाला वकील हवा याचं उत्तर आहे.

निशिगंध

काळाकोट यांना शंभर टक्के अनुमोदन. वर मी जे 'स्वतः करा' लिहिलं ते या प्रकरणाला लागू नाही. एक भर घालते: लेकीला 'आयुष्यभर पोटगी मागणार नाही' असं लिहून द्यायला लावतील. तिला नोकरी आहे का, घर कोणाचं, आजारपणात कोण, याचा हिशेब मांडल्याशिवाय ती ओळ मान्य करू नका. एकरकमी रक्कम पुरेशी असेल तरच त्या ओळीला अर्थ आहे.

सातासमुद्रापार

आम्ही दोघं कॅलिफोर्नियात, लग्न नाशिकला. इथे वकिलाशिवाय करणं अगदी सर्रास आहे, काउंटी कोर्टात त्यासाठी मदत केंद्र असतं, फॉर्म भरायला शिकवतात. लग्नाला पाच वर्षं झालेली नसतील, मूल नसेल, घर नसेल तर आणखी साधी पद्धत आहे. सहा महिने थांबावं लागतं ते मात्र इथेही. प्रश्न असा की इथला निकाल भारतात चालेल का, की नाशिकला पुन्हा करायचं?

काळाकोट

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि १९९१ चा नरसिंह राव निकाल पाहा. एकाने परदेशात परस्पर मिळवलेला घटस्फोट, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, भारतात टिकत नाही. पण दोघंही स्वखुशीने तिथल्या कोर्टासमोर गेलात आणि दोघांनी निकालाला संमती दिलीत तर तो मानला जातो. म्हणून तिथल्या कागदांवर दोघांची हजेरी आणि संमती स्पष्ट दिसेल असं करा आणि साक्षांकित प्रत जपा.

नाशिकलाच करायचं ठरवलंत तर आई-वडिलांपैकी कोणाच्या नावे कुलमुखत्यारपत्र देता येतं, ते भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिलने (परदेशात चालणाऱ्या कागदावरच्या सरकारी प्रमाणनाने) साक्षांकित करा आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. तारखेला व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी अर्ज करून मागायची, देणं न देणं कोर्टाच्या हाती.

सातासमुद्रापार

धन्यवाद. इथेच दोघांनी मिळून करतो.

गोमंतकी

गोव्यातल्यांनी यातलं काही आपल्याला जसंच्या तसं लागू करू नये. हिंदू विवाह कायदा गोव्यात लागू नाही. आमच्याकडे धर्म कोणताही असो, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आणि घटस्फोटाचा १९१० चा कायदा चालतो. लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे असते, घटस्फोट झाल्यावर त्या नोंदीवर शेरा मारून घ्यावा लागतो. मालमत्तेतही लग्नाआधी करार केला नसेल तर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा धरतात, त्यामुळे अटींचं गणितच वेगळं.

निशिगंध

छान भर. तसंच, स्पेशल मॅरेज कायद्याखाली नोंदणी लग्न केलेल्यांना कलम २८ लागू होतं, मुदती जवळजवळ वरच्यासारख्याच. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ आहे.

वाटसरू

शेवटचा प्रश्न. निकालानंतर दुसऱ्या लग्नाला किती थांबायचं? आणि एकरकमी पैशांवर कर?

काळाकोट

संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील नाही, कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९(२) मध्ये ते आहे, त्यामुळे अपिलाच्या मुदतीसाठी थांबायचं कारण नाही. नक्कल हातात आल्याशिवाय मात्र नोंदणीला जाऊ नका. वादातल्या घटस्फोटात गोष्ट वेगळी, तिथे अपिलाची मुदत संपू द्यायची. कराबद्दल: एकरकमी पोटगी उत्पन्न धरली जात नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा १९८४ चा निकाल आहे. दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरतात. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा.

निशिगंध

त्याला जोडून: नक्कल मिळाल्याच्या आठवड्यात पीएफ, एलआयसी, म्युच्युअल फंड, डीमॅट आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावरचं नामनिर्देशन बदला. ते आपोआप बदलत नाही. मी अर्ज, पुराव्याचं प्रतिज्ञापत्र आणि स्त्रीधनाच्या यादीचा कोरा मराठी नमुना नावं-पत्ते काढून टाईप करते आहे, रविवारपर्यंत इथेच प्रतिसादात टाकते. डोंबिवलीकर, फ्लॅटच्या परिशिष्टाचं कलम त्यात कसं घालायचं ते काळाकोट यांनी एकदा पाहून दिलं तर बरं होईल.

काळाकोट

टाका, पाहून देतो. मुलांच्या भेटींचं कलम शाळामास्तरांनी लिहिलेलं असेल तर तेही नावं काढून इथे द्या, चौथीतल्या मुलीचं वेळापत्रक प्रत्यक्ष बसून लिहिलेलं असेल ते कुठल्याही छापील नमुन्यापेक्षा कामाचं.